उत्तरेचा बाण

देवास, १६ एप्रिल २०२६

श्री. पीयूष भाऊजी यांस,

वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना आधी नमस्कार लिहायचा, असं तात्यांनी शिकवलं होतं. माझ्याकडचे नमस्कार तात्यांबरोबर संपले. म्हणून थेट कामाचं बोलते.

तुमच्या धारच्या हॉस्पिटलचे विजेचे नकाशे गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात येऊन पडले. मालकाच्या वतीने नकाशे तपासणारी कंपनी कोणती, हे तुम्हाला माहीत होतंच. तपासणारी इंजिनिअर कोण, हे बहुधा त्या संध्याकाळी कळलं. कारण गेलं वर्षभर ज्या माणसाने आम्हाला साधा फोन केला नाही, त्याचा मेसेज आला: "मधू, घर का मामला है, जरा जल्दी देख लेना."

घर का मामला! तुमच्या तोंडी घर हा शब्द आला की मला आधी हसू येतं, आणि मग हातात असेल ते फेकून मारावंसं वाटतं. हातात मोजपट्टी होती. चांगली आहे, म्हणून फेकली नाही.

मी आपलं नातं लपवून ठेवलं असेल असं समजू नका. पहिल्याच दिवशी नीतू मॅडमना, म्हणजे माझ्या साहेबांना, सांगितलं की हा ठेकेदार माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे, काम दुसऱ्या कुणाला द्या. मॅडम म्हणाल्या, "दूसरा कौन बैठा है मेरे पास? तुम ही देखो, और डबल सख़्ती से देखो। आख़िरी साइन मेरी रहेगी।" मला आणखी काय हवं होतं?

नियम तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. आधी नकाशे, आणि केबल, पॅनल, ब्रेकर असा जो जो माल लावणार त्याचे कागद, असं सगळं आमच्याकडे यायचं. आम्ही तपासायचं, शेरे मारून परत पाठवायचं, तुम्ही सुधारायचं. शेवटी ‘मंजूर’ असा शिक्का बसला की काम सुरू. शिक्का नाही तर भिंतीत एक पाइपही घालायचा नाही. थोडक्यात, तुमचं घोडं सध्या माझ्या टेबलावर अडलं आहे. ते बघायला मी रोज दहा मिनिटं लवकर ऑफिसात जाते.

पहिला संच शेऱ्यांसकट परत पाठवला आहे. बरेच शेरे आहेत. त्यातला पहिला नीट वाचा: नकाशावरचा उत्तर दाखवणारा बाण प्रत्यक्ष जागेवर होकायंत्र लावून तपासावा, आणि तपासणाऱ्याने त्याखाली सही करावी. असा शेरा मी कुठल्याही ठेकेदाराला मारत नाही, तुम्हाला मारला. का, ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिसऱ्या ज्या माणसाला माहीत होतं, त्या तात्यांचं, तुमच्या सासऱ्यांचं, वर्षश्राद्ध आम्ही मार्चमध्ये केलं. ताई एकटीच आली होती. तुम्ही साइटवर बिझी होता.

आता तुम्ही म्हणाल, हे हाताने लिहिलेलं पत्र कशाला? फोनवर तुम्ही गोड बोलता आणि मेसेज नंतर पुसून टाकता, म्हणून. आणि मराठीत का? माझी इच्छा. तुम्ही हिंदी शाळेतले, बोलता फर्राटेदार, पण दोन ओळी मराठी वाचायच्या तर तुम्हाला घाम फुटतो. फोनचा कॅमेरा लावून पाहाल, तर माझं अक्षर त्याला लागत नाही. मी करून पाहिलं. तेव्हा ताईकडून वाचून घ्या. लग्नपत्रिकासुद्धा तीच वाचून दाखवते ना तुम्हाला? वाचून घ्यावं तर लागेलच, कारण कुठला शेरा कसा सुधारायचा हे मी फक्त या पत्रांत समजावणार आहे.

या वेळेपुरतं सोपं आहे. पान तीनवर केबलची जाडी लिहिलेली नाही, ती लिहा. पॅनलच्या खोलीचं दार आत उघडतं, ते बाहेर उघडायला हवं. आग लागली तर माणूस दार ओढत बसत नाही, ढकलतो.

मधुवंती


देवास, २८ एप्रिल २०२६

श्री. भाऊजी यांस,

साडी पोचली. बाग प्रिंट, लाल-काळी, रंग पक्का. ताईने निवडली असणार, तुम्हाला त्यातलं कुठे कळतं! त्याच डब्यातून परत पाठवते आहे. तपासणाऱ्या बाईने ठेकेदाराकडून चिंधीही घ्यायची नसते, आणि मेव्हणीने अशा भाऊजींकडून तर मुळीच नाही.

दुसरा संच पाहिला. पुष्कळ सुधारणा आहेत. पण ऑपरेशन थिएटरचे दिवे आणि बाहेरच्या व्हरांड्यातले पंखे तुम्ही एकाच ब्रेकरवर ठेवले आहेत. पंख्यात बिघाड झाला की ब्रेकर पडणार, आणि आत पोट उघडलेल्या बाईवर अंधार. थिएटरचे दिवे पूर्ण वेगळे काढा, त्यांना बॅटरीचा आधार द्या, आणि तो रस्ता नकाशावर वेगळ्या रेषेने दाखवा. हे मी सूडाने लिहिलेलं नाही. सूडाचं पुढे आहे.

तुमचा निरोप कळला की बाणाचा शेरा ‘फालतू’ आहे. बरं. तो का फालतू नाही, याची आठवण करून देते.

२०२३ साल, देवासजवळचं ते कोल्ड स्टोरेज. नकाशा तुम्ही काढलात. विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले तात्या तेव्हा घरी बसून नकाशे तपासून देत, त्यांनी तो तपासून सही केली. पॅनलची खोली वायव्येला, मुख्य केबल उत्तरेच्या भिंतीलगत जमिनीखालून. सगळं रीतसर. खोली बांधून झाली, केबल पुरून झाली, आणि मग मालकाचा वास्तुवाला आला. म्हणाला, वीज म्हणजे अग्नी, तिची जागा आग्नेयेला. मालक अडून बसला.

खोली हलवायची तर सगळं नव्याने खणायला लागलं असतं. तुम्ही खोली हलवली नाहीत. नकाशावरचा बाण उलटा केलात. जिथे उत्तर होती तिथे दक्षिण झाली, वायव्येची खोली बसल्या जागी आग्नेयेला गेली, मालक खूश. खाली तात्यांची सही तशीच होती. तात्यांना पत्ताही नव्हता.

महिन्याभराने पाण्याच्या टाकीसाठी खणायचं निघालं. मालकाच्या ऑफिसातल्या माणसाने तुमचा नकाशा बघून जेसीबीवाल्या मोनूला फोनवर सांगितलं, "भिया, उत्तर वाली दीवार के पास खोद ले, उधर कुछ नी है।" मोनू पीपलरावां गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. उत्तर कुठे, हे त्याला कागद सांगत नाही. त्याने खऱ्या उत्तरेला खणलं. बकेट अडली म्हणून खाली उतरून हाताने माती सारायला गेला, आणि केबल चिरली गेलेली होती. त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशी बसली. आणि तेवढ्यात श्रावण अधिक आला.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. अधिक महिन्यात जावयाला विष्णू मानून पाटावर बसवायचं, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, आपल्या घरांत हे अजून चालतं. आई आणि ताई आत अनारसे तळत होत्या. वाढायला मी होते. तुम्ही पानाला हात लावला नाहीत. तात्यांना म्हणालात, "तात्या, मला वाण नको. एकच मागतो. बाण तुम्हीच काढला होता, असं चौकशीत सांगा. तुमचं आता काय जायचं आहे? मेरी तो पूरी लाइफ पड़ी है।"

मला वाटलं, तात्या पानावरून उठतील. ते उठले नाहीत. पाटावर बसलेल्या जावयाने मागितलं आणि आपण नाही म्हटलं, हे त्यांच्या डोक्यात बसेचना. शेवटी "बरं" म्हणाले. मग तुम्ही जेवलात. दोनदा श्रीखंड घेतलंत, मीच वाढलं.

त्या संध्याकाळी तात्यांनी मला शपथ घातली. "देवश्रीला यातलं काही कळता कामा नये. तिला त्या घरात राहायचं आहे." ते होते तोवर मी पाळली.

ताई, हे तू मोठ्याने वाचून दाखवते आहेस ना? मग आता थांबू नकोस, पुढचंही मोठ्याने वाच. आपल्या वडिलांनी ती चूक केलेली नव्हती. तुझ्या नवऱ्याने केली, आणि तू तळलेल्या अनारशांसमोर बसून ती त्यांच्या पदरात टाकली.

आता पुन्हा तुमच्याशी, भाऊजी. तात्यांचा परवाना रद्द झाला. देवासात लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याला उत्तर-दक्षिण कळेनाशी झाली. रोज सकाळी टेकडी चढणारा माणूस घराच्या बाहेर पडेनासा झाला. गेले तेव्हा तेराव्याला तुम्ही पांढरा कुर्ता घालून उभे राहिलात आणि चारचौघांत म्हणालात, "उतारवयात तात्यांच्या हातून एक चूक झाली, पण माणूस देव होता."

ती चूक तुम्ही तात्यांच्या चितेवरही ठेवलीत. मी तिथेच ठरवलं की हे तुमच्याच सहीने परत घेईन. कसं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

दुसरा संच परत. शेरे पाच.

मधुवंती


देवास, ६ मे २०२६

श्री. भाऊजी यांस,

हे पत्र तुम्ही ताईला देणार नाही, हे मला कळतं. मराठी वाचणारा दुसरा कुणी शोधा. धारला आपली माणसं पुष्कळ आहेत, फक्त सगळी बोलकी आहेत, एवढं लक्षात ठेवा.

ताईचा फोन आला होता. तिने विचारलं, "मी आत तळत होते तेव्हा?" मी हो म्हटलं. "त्या दिवशी अनारसे फार जाळीदार झाले होते गं," असं म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मधू, तू हे तात्यांसाठी करते आहेस की स्वतःसाठी?" मी खरं ते सांगितलं. स्वतःसाठी. तात्यांना सूड घेणं जमलंच नसतं.

तुमचाही फोन आला, पण तुम्ही जे बोललात ते लिहिण्यासारखं नाही. नंतर तुम्ही नीतू मॅडमकडे तक्रार केलीत की मी घरगुती दुश्मनी काढते आहे. मॅडमनी मला समोर बसवून माझे सगळे शेरे वाचले. म्हणाल्या, "इसमें दुश्मनी कहाँ है? थिएटर की लाइट वाला रिमार्क तो मैं भी देती।" मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "लेकिन दुश्मनी है, ये मुझे दिख रहा है। काग़ज़ पर मत आने देना।"

आली नाही. तेच तर माझं दुःख झालं. तुमचा तिसरा संच आला तो अगदी स्वच्छ. थिएटरचे दिवे वेगळे, दार बाहेर उघडणारं, केबलच्या जाड्या लिहिलेल्या, बाण होकायंत्रावर तपासलेला, खाली सही. मी दोन दिवस चूक शोधत होते. पान उलटंसुलटं केलं, बेरजा पुन्हा केल्या. एक चूक सापडली तर देवीला पेढे ठेवीन म्हटलं. नाही सापडली. एवढा चांगला नकाशा तुम्ही आयुष्यात काढला नसेल, आणि तो मी तुमच्याकडून काढून घेतला, या विचाराने तर आणखीच आग झाली.

मग तुमचे सेठजी, हॉस्पिटलचे मालक, स्वतः ऑफिसात आले. भला माणूस आहे. हात जोडून म्हणाले, "बेटा, चौदह तारीख का मुहूरत निकला है। फिर अमावस, और फिर पुरुषोत्तम मास लग जाएगा। उसमें तो हम खूँटी भी नी गाड़ें।" म्हणजे आपला अधिक महिना, या वर्षी ज्येष्ठ अधिक. तो संपेपर्यंत पाऊस दारात. धारच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चर टिकत नाही, आज खणला की उद्या बुजतो. तुम्ही उधारीवर उचललेला सगळा माल ताडपत्रीखाली पडून राहणार.

तपासायला कराराने मला अजून दहा दिवस आहेत. म्हणजे मला करायचं काहीच नव्हतं. शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि पंधरा तारखेची वाट बघायची. एकही नियम मोडला नसता. हा विचार मनात आला, आणि जावयासारखा मुक्काम ठोकून बसला.

पण मग संचाचं शेवटचं पान उघडलं. ठेकेदाराने आधी केलेली कामं लिहायचं ते पान. पहिल्या दोन्ही संचांत तुम्ही तिथे शाळा आणि धर्मशाळा दाखवल्या होत्या. या वेळी तिथे ते कोल्ड स्टोरेज होतं. समोर लिहिलेलं: ‘संपूर्ण नकाशे व दिशा-आखणी: आमची फर्म.’

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. चौकशीत नकाशा तात्यांचा, आणि अनुभव दाखवायचा तेव्हा तुमचा!

तेव्हा या संचावर माझा एकच शेरा आहे, आणि तो कुठल्याही ठेकेदाराला मारला असता. अनुभव म्हणून दाखवलेल्या कामाचा, प्रत्यक्ष जागेवर जसं बांधलं गेलं तसा नकाशा द्यावा. बाण जागेप्रमाणे खरा असावा. मूळ नकाशापेक्षा काही बदललं असेल तर कुणी बदललं ते लिहावं, आणि खाली ठेकेदाराने सही करावी. आमचा माणूस होकायंत्र घेऊन जाऊन पडताळणी करेल. तो माणूस मीच आहे, आणि मी रविवारी जाऊन आले.

ते पान मागे घेता येईल. पण मग संच नव्याने दाखल होईल, तपासणी नव्याने, मुदत नव्याने. चौदा तारीख तुमच्या हातून जाईल. खोटा नकाशा दिलात तर काम जाईल. खरा दिलात तर दुसऱ्या दिवशी शिक्का, माझा शब्द.

मधुवंती


देवास, १२ मे २०२६

श्री. भाऊजी यांस,

नकाशा मिळाला. जागेशी ताडून पाहिला. उत्तर उत्तरेला आहे. बदलाच्या चौकटीत लिहिलं आहे, ‘मालकाच्या सूचनेवरून मूळ नकाशावरील बाण ठेकेदाराने फिरवला होता, तो आता दुरुस्त केला आहे.’ खाली तुमची सही, फर्मचा शिक्का, तारीख. सही तुमची फार सुरेख आहे. शेपटी काढून खाली रेघ मारता, ती तर बघत राहावी.

सही करण्याआधी तुम्ही फोन करून विचारलंत, "ये काग़ज़ जाएगा कहाँ?" मी म्हटलं, फाईलमध्ये. तुम्ही सुटकेचा श्वास सोडलात, तो मला ऐकू आला.

संच मंजूर. शेरा नाही. नीतू मॅडमची सही झाली. सेठजींना कळवलं, ते फार आनंदले. चौदाला खुशाल नारळ फोडा. मी तुमचं काम एक दिवसही अडवलेलं नाही.

मधुवंती


देवास, ३ जून २०२६

श्री. भाऊजी यांस,

काम ठरल्या मुहूर्तावर सुरू झालं. मी जाऊन पाहून आले, चर सरळ आहे, केबल नकाशाप्रमाणे आहे. हॉस्पिटल चांगलं होईल. थिएटरमध्ये कधी अंधार होणार नाही.

आता त्या फाईलचं. फाईल एक नव्हती. तुमच्या सहीच्या नकाशाची एक प्रत आमच्याकडे राहिली. नीतू मॅडमना विचारून, त्यांच्या लेखी परवानगीने, दुसरी मी चौकशी केलेल्या कार्यालयाला पाठवली, तात्यांच्या मुलीचा अर्ज जोडून. तिसरी मोनूच्या वकिलाला. चौकशी पुन्हा उघडली आहे. बावीस जूनला तुम्हाला बोलावलं आहे, नोटीस एव्हाना हातात पडली असेल. ती हिंदीत आहे, तुमची तुम्हाला वाचता येईल.

तिथे तुम्हाला एकच प्रश्न विचारतील. बाण कुणी फिरवला? ‘तात्यांनी’ म्हणालात, तर तुम्ही सेठजींना दिलेला कागद खोटा ठरतो आणि धारचं काम हातचं जातं. ‘मी’ म्हणालात, तर बाकीचं कायदा बघेल. दोन्ही दारं मी बाहेर उघडणारी ठेवली आहेत, कुठलंही ढकला.

मला वाटलं होतं, पत्र लिहायला बसेन तेव्हा वाईट वाटेल. नाही वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा जेवण गोड लागतं आहे. तुम्हाला फसवलं का? फाईलमध्ये म्हटलं होतं, फाईलमध्येच गेलं. तात्यांनाही तुम्ही ‘तुमचं काय जायचं आहे’ असंच म्हणाला होता.

मी पीपलरावांला गेले होते. मोनूने मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं आहे, सगळं डाव्या हाताने करतो. मी सांगायला लागले तर मध्येच म्हणाला, "दीदी, बाबूजी मेरे घर आए थे, बोले गलती मेरी है। मैंने तब भी नी माना। उनके मुँह पे झूठ बैठ ही नी रिया था।" एवढ्या वर्षांत तात्यांवर विश्वास ठेवणारा एक माणूस होता, आणि तो हात गेलेलाच होता, हे ऐकून मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडले. त्याने चहा मागवला.

आणि ताई. ती कुठे आहे हे तुम्ही धारभर विचारत फिरता आहात, असं कळलं. ती इथे आहे. अधिक महिना लागल्याच्या दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन आली. तुम्ही तिला सांगितलंत म्हणे, की ते कोल्ड स्टोरेजचं पान टायपिंगच्या गडबडीत चुकून घुसलं. तिने मला मुद्दाम लिहायला सांगितलं आहे, म्हणून तिचेच शब्द लिहिते: "चुकून नाही. तुमच्या फर्मचे सगळे कागद मी करते. मधूचं ते दुसरं पत्र वाचून झालं, त्या रात्री तुम्ही झोपलात. मी नाही झोपले. दुसऱ्या दिवशी ते पान मी केलं आणि तुमच्या सहीला ठेवलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता सही केलीत. तात्यांनीही तुमच्यावर तसाच ठेवला होता."

मला हे माहीत नव्हतं, भाऊजी. मला वाटत होतं, डाव माझा आहे.

आता आमंत्रण. आईला आम्ही दोघींनी सगळं सांगितलं. ती देवासमोर बसून राहिली. संध्याकाळी उठली आणि तांदूळ भिजत घातले. मी म्हटलं, आई, कशाला? म्हणाली, "जावई आहे, अधिक आहे. बोलवायला नको? रीत काय त्याच्यासाठी मोडायची?" पीठ तयार आहे, गूळ मुरला आहे.

रविवारी, सात तारखेला, दुपारी या. नाही आलात तर आई अनारसे घेऊन धारला तुमच्या दारात येणार आहे, आणि का आली हे विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगणार आहे. आईला मराठीही येतं आणि माळवीही.

पाट पूर्वेकडे तोंड करून मांडू. पूर्व कुठली ते आम्ही पाहून ठेवलं आहे. भिंतीवर तात्यांचा फोटो समोर येईल. या वेळी आत तळायला मी असेन, वाढायला ताई. तुम्हाला जे काही मागायचं असेल, ते तिच्यासमोर मागा.

मधुवंती